खोलीचं औषध

सॅमसन पेणकरचा फोन, सकाळी साडेनवाला:
"बाई रागावल्यासारख्या बोलतायत रे.
परळच्या टॉवरमध्ये माणसं लिफ्टमध्ये शिरतात
आणि गप उभी राहतात, अंगठे धरायला लावल्यासारखी."

रागावलेल्या? मंदाकिनी पाठारे?
सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
"कृपया थांबा" म्हणत अख्खी मुंबई थांबवून ठेवली त्यांनी,
आणि एकानंही शिवी दिली नाही,
असं त्याच सांगतात.

प्रभादेवीला, लॅमिनेशनवाल्याच्या डोक्यावर माझा गाळा.
तिथे तळमजल्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत
चढल्या त्या, खुर्चीवरून न उठता.
मध्ये दोनदा चहा.
मिक्समध्ये आवाज कसा होता सांगू?
भरल्या माठावर टिचकी मारावी, तसा.

मी फाईल लावली. स्पीकरवर: माठ.
हेडफोन घातले: पत्र्याचा डबा.

पहिला संशय आकड्यांवर.
अठ्ठेचाळीसची फाईल कुणी चव्वेचाळीस समजून वाजवली
की आवाज दमतो, पाय ओढत चालतो.
तसं नव्हतं. पट्टी तीच, वेळ तीच.
मग एमपीथ्रीला शिव्या घातल्या, वेव्ह काढली.
तीही तशीच.
मग घाई सोडली,
पूर्ण अकरा मिनिटं प्रत्यक्ष वेळेत उतरवली,
बाईंच्या मागोमाग बेचाळीस मजले पुन्हा चढलो.
वर डबाच.

दुपारी जुनी युक्ती काढली:
बाहेर पडलेली फाईल परत आत आणायची,
उलटी करायची, मूळ मिक्सवर ठेवायची.
दोघी एकच असतील तर एकमेकींना खाऊन टाकतात.
उरते फक्त शांतता.

शांतता उरली नाही.
उरला एक खर्ज.
शब्द नाहीत, स नाही, त नाही,
ओठ मिटून कुणी मजले मोजावेत तसा
हुं… हुं… हुं…
खालचं मशीन नेमकं बंद होतं तेव्हा.
मी तीनदा ऐकला.
म्हणजे इतकं मी बाईंमधून काढून घेतलं होतं
आणि उरलेल्या बाई परळला पाठवल्या होत्या.

मास्टरवर वरून खाली बघत गेलो.
सगळ्यात शेवटी, दोन वर्षांपूर्वी लावून विसरलेलं:
ह्या खोलीचं औषध.
दहा बाय बाराचा गाळा, कोपऱ्यात खर्ज साचतो,
दोनशेच्या आसपास भिंत हुंकार देते,
म्हणून तेवढाच भाग कापणारं.
ते माझ्या कानांसाठी होतं, माझ्या भिंतीसाठी.
भिंतीला ताप,
आणि गोळी मी फाईलला चारत होतो.
दोन वर्षं.
त्यात एक साबणाची जाहिरात, एका वकिलाची ऑडिओ डायरी,
मुलुंडच्या एका बारशाचं रेकॉर्डिंग.
कुणीच फोन केला नाही.
त्यांना वाटलं असेल आपला आवाजच असा.

औषध बंद केलं. पुन्हा काढली.
गाळ्यात आता ती घुमते, घुमू दे.

शुक्रवारी बाईंना टॅक्सीनं परळला नेलं.
सॅमसननं दार धरून ठेवलं.
त्या आत उभ्या राहिल्या, पर्स पोटाशी,
आणि छतातल्या जाळीतून स्वतः म्हणाल्या, "दहावा मजला."
त्यांनी वर पाहिलं नाही.
"ही मी नाही," म्हणाल्या. "बरी आहे, पण मी नाही.
मी मला आतून ऐकते ना, ती वेगळीच."
ह्यावर कुठलं बटण असतं, मला माहीत नाही.

"सतरावा म्हणताना मी जरा हसले होते," त्या म्हणाल्या,
"तू काचेपलीकडून चहा सांडलास तेव्हा.
ते आलंय का?"

"आलंय," मी म्हटलं,
आणि सतरा दाबलं.